दुसऱ्या खंडातला फितूर

ती कादंबरी तीन खंडांची होती आणि तिन्ही खंड एकदम उचलायचे तर दोन्ही हात लागायचे. बाबांनी ती अमरावतीहून आणली होती. पानांच्या टोपल्या बाजारात उतरवून ते गावाकडे निघाले होते, अंजनगावची गाडी लागायला वेळ होता, आणि बसस्टँडबाहेर एकजण पोत्यावर जुनी पुस्तकं मांडून बसला होता. बाबा चौथी शिकलेले. अक्षराखाली बोट ठेवून वाचायचे आणि ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरायचे. पण मुखपृष्ठावर गड होता, गडाखाली घोडे होते आणि एका घोड्यावरचा माणूस मागे वळून थेट बघणाऱ्याकडे बघत होता. "तो मले म्हने, चाल," असं बाबा सगळ्यांना सांगायचे.

आमचा पानमळा अंजनगाव सुर्जीजवळच्या एका गावात. सकाळी खुडलेली पानं दुपारी छपरीत आणून ओल्या पोत्यावर ओतायची आणि निवडायला बसायचं. डागी पान वेगळं, कोवळं वेगळं, मोठं वेगळं. मग देठं एका बाजूला करून एकावर एक टोपलीत रचायची. या कामात हात आणि डोळे गुंततात, कान मात्र रिकामे राहतात. बाबांनी त्या रिकाम्या कानांसाठी मला बसवलं. मी तेव्हा अकरा वर्षांची होते, वाचनात शाळेत पहिली आणि पानं निवडण्यात गयाळ. मी लावलेली टोपली आई उपसून पुन्हा लावायची. शेवटी बाबा म्हणाले, "तू वाच. निवडाचं आमी पाहतो."

आणि मी वाचायला लागले. सुलतानांचा काळ, सातपुड्यातला एक गड, गडाला वेढा पडलेला. आत एक म्हातारा किल्लेदार आणि त्याची विधवा बहीण. ही बहीण पहिल्या खंडात गप्प गप्प असते आणि दुसऱ्यात दरवाज्याच्या पहाऱ्याची सूत्रं स्वतःच्या हातात घेते. मला ती फार आवडायची. तिचा भाग आला की माझा आवाज आपोआप चढायचा. कादंबरीत गडाला काहीतरी खोटं नाव दिलं होतं, पण बाबांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं की हा गाविलगडच. स्वच्छ सकाळी आमच्या धुऱ्यावरून, म्हणजे मळ्याच्या बांधावरून, डोंगराची निळी रेघ दिसायची, तेवढा पुरावा त्यांना पुरला. दोन दिवसांनी घोडे कोणत्या नाल्यातून आले असतील तेही त्यांनी ठरवलं. त्या नाल्यात आमची म्हैस बसायची.

मी आता अकोल्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. अशा कादंबऱ्या लोकांना इतक्या का आवडतात, हे मी दरवर्षी वर्गात सांगते. कालखंडाचं चित्रण, भाषेचा डौल, भव्य पट वगैरे. मुलं लिहून घेतात. खरं कारण मला बाबांच्या छपरीत कळलं होतं आणि ते मी कधी वर्गात सांगितलं नाही. त्या पुस्तकांत माणूस एकतर इमानी असतो नाहीतर फितूर. अधलामधला कोणी नसतो, त्यामुळे वाचणाऱ्याला न्याय करणं फार सोपं जातं. दुसरं म्हणजे त्या एवढ्या मोठ्या गर्दीत आपणही कुठेतरी असू, असं प्रत्येकाला वाटत असतं. आपण पखालीतून पाणी वाहत होतो असं मात्र कोणाच्या मनात येत नाही.

बाबांच्याही मनात आलं नाही. दुसऱ्या खंडात एका दुपारी वेढ्यातल्या हत्तींचा चारा संपत आल्याचं लांबलचक वर्णन मी वाचत होते. बाबांनी मध्येच विचारलं, "येवढ्या मोठ्या पुस्तकात आपल्या गावचं कोनीच नाही काय?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग गडावर पानं कोन पोचवे? किल्लेदार तं पान खाते. कालच वाचलं तू."

बाबांचा मुद्दा बरोबर होता. किल्लेदार दर चार पानांमागे विडा खायचा आणि नागवेली काही गडावर नव्हत्या. मी पान उलटलं, नजर पुस्तकावरच ठेवली आणि त्याच आवाजात पुढे वाचल्यासारखं बोलले. आमच्या गावचा एक पानवाला, आमच्याच आडनावाचा, डोक्यावर टोपली घेऊन गडाची चढण चढू लागला. कशासाठी केलं ते विचाराल तर खोडी म्हणूनच. त्यांना बरं वाटावं म्हणूनही असेल.

बाबांचे हात थांबले. आई म्हणाली, "पाह्य बाई, आपलंच आडनाव." बाबांनी हातातलं पान बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "परत वाच."

परत वाचायचं म्हणजे तेच शब्द तसेच यायला हवेत. म्हणून संध्याकाळी मी वहीचा कागद फाडून सगळं लिहून काढलं आणि दुसऱ्या खंडात ठेवून दिलं. कादंबरीकाराची भाषा मला तोंडपाठ झाली होती. 'टोपली खाली ठेवून तो इमानी पानवाला मुजरा करता झाला आणि वदला, किल्लेदारसाहेब, या पानांखाली आपल्या फौजेचा निरोप आहे आणि निरोपाखाली माझे शिर आहे.' अकराव्या वर्षी मला या वाक्याचा भारी अभिमान वाटला होता. खोटं कशाला सांगू, अजूनही थोडा वाटतो आणि म्हणूनच त्याची जास्त लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, "कोठी हाय ते, दाखव." मी हत्तींच्या चाऱ्याच्या एका ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी त्या ओळीवरून हात फिरवला आणि खुणेसाठी एक निवडक पान तिथे ठेवलं. पुढे ते वाळून कागदासारखं झालं, पण त्यांनी ते हलवू दिलं नाही.

चार-पाच दिवसांत दुसरा खंड संपला. शेवटी गड पडतो. चोरवाटेनं शत्रू आत येतो आणि कादंबरीकार एवढंच लिहितो की कोणा घरभेद्याने वाट दाखवली. बाबांना ते चालेना. "कोन? नाव तं लिवलं असंल." नाव नव्हतं. पण त्याच आठवड्यात माझं शेजारच्या मळ्यातल्या मैत्रिणीशी कडाक्याचं भांडण झालं होतं. आम्ही एका वर्गात, एका बाकावर बसणाऱ्या. भांडण कशावरून झालं असं पुढे कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, कंपासपेटीवरून. मीही बरीच वर्षं तसंच समजत होते. तर बाबांनी विचारलं कोण, आणि मी मैत्रिणीचं आडनाव सांगितलं.

तेही कागदाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवलं. 'पानवाला किल्लेदाराशी गुजगोष्ट करीत असता एक इसम दाराआड श्वास रोखून उभा होता. त्याने सर्व काही ऐकले.' पुढे त्या इसमाचं आडनाव. ते इथे लिहीत नाही. एकदा लिहिलं तेवढं पुरे झालं.

बाबा मोठ्यानं हसले. "घ्या! म्हनजे तवापासूनच हाय!" त्यांची आणि शेजाऱ्यांची धुऱ्यावरून अधूनमधून कुरबुर चालायची. पाणी इकडे फुटलं, वेल तिकडे गेला, इतकंच. संध्याकाळी मैत्रिणीचे बाबा नेहमीसारखे तंबाखू मळत छपरीत आले तेव्हा बाबांनी त्यांना सगळं ऐकवलं. तेही हसले. मग म्हणाले, "छापून हाय?"

"छापून हाय. पोरीनं वाचलं."

ते लिहा-वाचायला न शिकलेले. मुकाट, सरळ माणूस. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी पुस्तकाचं पान उलटलं. त्या दिवशी मी गंमत केली असं म्हटलं असतं तर बाबांनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला असता आणि सगळं मिटलं असतं. मला धपाट्याची भीती नव्हती. बाबा ज्या नजरेनं माझ्याकडे बघायला लागले होते ती नजर जाईल, याची भीती होती.

मग ती गोष्ट वाढत गेली. लग्नात, बाजारात, पानठेल्यावर बाबा आमच्या पानवाल्याची कथा सांगायचे आणि पानवाला आला की मागोमाग फितूर यायचाच. लोकांना फितुरात जास्त रस होता. पाणी फुटलं की बाबा म्हणायचे, रक्तातच हाये बाप्पा. मैत्रिणीचे बाबा छपरीत यायचे बंद झाले. गावच्या सप्ताहात दरवर्षी पहिली वीणा त्यांच्या गळ्यात असायची; अखंड सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते आणि पहाटेचा अवघड पहारा तेच मागून घ्यायचे. त्या वर्षी ते मंडपात मागे बसून राहिले. कोणी आग्रह केला तेव्हा म्हणाले, "गड देनाऱ्याच्या गळ्यात वीना कायले?" हसत म्हणाले. पण नंतर कुठल्याच वर्षी त्यांनी वीणा घेतली नाही.

मी हे सगळं बघत होते. दहावी झाली की सांगू, बारावी झाली की सांगू, असं करत करत मी अमरावतीला शिकायला गेले. राजापेठेत तीन मुलींबरोबर खोली घेऊन राहिले, मराठी विषय घेतला, ग्रंथालयातल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांचं कपाट जवळजवळ संपवलं. प्रत्येक पुस्तकात फितूर आला की मी तेवढी पानं उलटून पुढे जायचे. तरी मी वाचायची काही थांबले नाही.

मी बावीस वर्षांची होते त्या दिवाळीला घरी आले, तेव्हा दादाच्या लग्नाचं चाललं होतं. दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याचं आणि माझ्या त्या मैत्रिणीचं एकमेकांवर मन होतं. गावाला माहीत होतं, आईला तर ते पसंतही होतं. भाऊबिजेनंतर दोन दिवसांनी सकाळी मैत्रिणीचे बाबा, बऱ्याच वर्षांनी, आमच्या छपरीत येऊन बसले. सोबत त्यांचा एक नातेवाईक होता. लग्नाचं बोलायचं म्हणून मैत्रिणीच्या बाबांच्या डोक्यावर नवी टोपी होती.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोरगी चांगली हाय. तुमी बी वाईट नाही. पन गड ज्याईनं देल्ला, त्याईच्या घरची पोरगी मी नाही आनत."

आई आतून तरातरा बाहेर आली. "पुस्तकातल्या गोठीवर पोराचं लगन मोडता काय? बह्याड झाले काय तुमी?"

"गोठ नाही. छापेल हाय," बाबा म्हणाले. "इचारा हिले. हिनंच वाचलं. आता तं हे त्याचंच शिक्षन घेऊन राहिली."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दादा दाराशी उभा होता. तोही बघत होता. मला आता सगळं कळत होतं. एक वाक्य बोललं की दादाचं लग्न होतं, समोरच्या माणसाची मान वर होते. आणि त्याच वाक्यानं बाबा गावभर खोटे पडतात. अकरा वर्षं जो पानवाला त्यांनी लग्नालग्नांतून मिरवला तो कुठेच नसतो. मी हे सगळं तोलून पाहिलं असं म्हणणं सोयीचं आहे. खरं म्हणजे मी घाबरले होते.

"हो," मी म्हटलं. "पुस्तकात तसं आहे."

मैत्रिणीच्या बाबांनी मान हलवली. उठताना माझ्याकडे बघून अगदी समजुतीनं म्हणाले, "तू शिकेल पोरगी. तू कायले खोटं बोलशीन?"

त्या वाक्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. कोणी मला शिव्या दिल्या असत्या तर मी विसरून गेले असते, पण हे विसरता आलं नाही.

तो आठवडा दादा घरात जेवायलासुद्धा धड आला नाही, दिवसभर मळ्यात बसून असायचा. आम्ही त्याला त्याचं त्याचं राहू दिलं. मी परत अमरावतीला निघाले तेव्हा तो मला सोडायला अंजनगावच्या स्टँडवर आला. गाडी सुटायला अर्धा तास होता. तो खिडकीखाली उभाच राहिला, मी जा म्हटलं तरी गेला नाही. शेवटी मी त्याला शेंगदाणे आणायला सांगितले. त्यानं पुडा आणून खिडकीतून दिला आणि गाडी हलली.

मैत्रिणीचं लग्न पुढच्याच उन्हाळ्यात अकोल्याला झालं. दोन वर्षांनी दादाचंही झालं. भावजय चांगली आहे, मुलं चांगली निघाली, दादाचं अमरावतीत बी-बियाण्यांचं दुकान आहे, राजापेठेत घर आहे. वेली रोगानं गेल्यावर मळा मोडला आणि आईबाबाही त्याच्याकडे राहायला गेले. सगळ्यांचं तसं बरं चाललं. म्हणजे मी गप्प राहिले म्हणून कोणाचं काही बिघडलं नाही, असं मला स्वतःला समजावता येत होतं. मैत्रिणीचे बाबा गेले तेव्हा निरोप येऊनही मी गेले नाही. परीक्षेचे पेपर तपासायचे होते.

पुढे नोकरी मला अकोल्यातच मिळाली. मैत्रीण जुन्या शहरात राहते, मोर्णा नदीच्या पलीकडे, हे मला माहीत होतं. अठरा वर्षांत मी कामाशिवाय तो पूल ओलांडला नाही. कपडे, मसाले, काय हवं ते अलीकडेच घ्यायचं. एकदा ती भाजीबाजारात दिसली तर मी मेथीची जुडी तिथेच टाकून निघून आले.

यंदा बाबा गेले. शेवटपर्यंत ते पानवाल्याची कथा सांगत होते, तपासायला आलेल्या डॉक्टरलाही. ते गेल्यावर पंधरा दिवसांनी मैत्रीण मला भेटायला माझ्या घरी आली. पत्ता कोणाकडून तरी मिळवला होता. केस पिकलेले, चालताना गुडघा दुखणारा. बाबांबद्दल चार शब्द बोलली, चांगलेच बोलली. मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "तुह्या बाबाचं ते पुस्तक हाय काय अजून?"

मी म्हटलं, असेल दादाकडे.

"मले वाचाचं हाय. आमचा मानूस हाय ना त्याच्यात. माह्या बाबाले वाचता येत नव्हतं, तो तसाच गेला. मले पाह्यचं हाय का त्यानं गड काहून देल्ला. काई तं कारन असंल ना बाप्पा. येवढं मोठं पुस्तक लिवनाऱ्यानं कारन तं लिवलंच असंल."

मी आणून देते म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

पुढच्या रविवारी मी राजापेठेत गेले. सांगायला लाज वाटते, पण मी पुस्तक आणायला गेले नव्हते. मी आधी तो कागद काढून घ्यायला गेले होते. कागद नसला की तीनही खंड बिनधास्त देता येतील, तिला नाव सापडणार नाही, आणि मग म्हणता येईल की ही प्रत दुसऱ्या आवृत्तीची आहे, हिच्यातून ते काढलं असेल. हे वाक्य मी गाडीत तयार करून ठेवलं होतं. पन्नास वर्षांची बाई, भावाच्या घरात, बाबांच्या कपाटापुढे जमिनीवर बसून चोरासारखा खंड चाळत होते. बाबांचं वाळलेलं पान हत्तींच्या चाऱ्यापाशी होतं. कागद नव्हता. मी पुन्हा चाळलं. बाकीचे दोन्ही खंड उलटे धरून झटकले.

"कागद पाहून राहिली काय?" दादा दारात उभा होता. "तो माह्यापाशी हाय."

त्यानं वरच्या फळीवरून सातबाऱ्याची फाईल काढली आणि तिच्यातून तो कागद. घडी जिथे होती तिथे विरला होता. माझं गोल गोल अक्षर मात्र तसंच्या तसं होतं.

"त्या दिवाळीले वाचलं मी," तो म्हणाला. "तिनी खंड. आठ दिवस लागले मयात बसून. म्हटलं, पाहू तं खरी का पुस्तकात नेमकं काय हाय, बाबाले समजावता येईन. कोठीच काई नव्हतं. मंग हा सापडला."

मी त्यालाच विचारलं, "मग तेव्हा बोलला का नाहीस?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, दमलेल्या माणसासारखं. "तुले गाडीत बसवून देल्लं तवा अर्धा घंटा उभा होतो मी खिडकीपाशी. म्हटलं, आता बोलशीन. आता बोलशीन. तू म्हनली, दादा, शेंगदाने आन."

भावजय चहा ठेवून गेली. तो खुर्चीवर बसला. "अन् बाबाले मी काय सांगतो? का तुही पोरगी खोटी हाय अन् तुहा मानूसबी खोटा हाय? त्याच्यापाशी त्या दोनच गोठी होत्या. मी म्हटलं जाऊ दे."

"दादा, चुकलं रे माझं," मी म्हटलं. हे म्हणायला मला अठ्ठावीस वर्षं लागली आणि म्हटल्यावर ते फार लहान वाटलं.

"चहा घे, थंडा होऊन राहिला," तो म्हणाला. मग कागद दुसऱ्या खंडात ठेवून तिन्ही पुस्तकं माझ्याकडे सरकवली. "तिले दे. कागदासंगं दे."

अकोल्याच्या गाडीत पुस्तकांची पिशवी मांडीवर होती. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा मी कागद काढून पर्समध्ये ठेवला. बोरगावजवळ परत खंडात ठेवला. मी कशी आहे हे कळावं म्हणून हे लिहिते आहे.

स्टँडवरून घरी न जाता सरळ रिक्षा केली आणि पूल ओलांडला. ती ओसरीच्या आतल्या खोलीत मेथी घेऊन बसली होती, पुढ्यात परात. मला बघून उठायला लागली, मी नको म्हटलं. वाटेत जुळवलेली वाक्यं सगळी गेली. "तुमचा माणूस पुस्तकात नाही," मी म्हटलं. "तो या कागदावर आहे. मी लिहिला होता. अकरा वर्षांची असताना."

तिनं पदराला हात पुसले आणि कागद घेतला. आधी पानवाल्याचा भाग वाचला, मग उलटून मागचा. मग पुन्हा मागचा. मी उभीच होते. ती ओरडेल, पुस्तकं भिरकावेल, असं वाटत होतं आणि तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"गड काहून देल्ला ते तं लिवलंच नाही तू," ती म्हणाली.

"नाही."

तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. "दाराआड श्वास रोखून उभा होता. हे मी हाओ."

मला कळेना.

"तुमच्या छपरीच्या कुडामांगं उभी राहो मी. रोज दुपारी. तू आत बसू देत नव्हती ना. म्हने, आमचं पुस्तक हाय. मंग मी कुडामांगून आयको. त्या दिवशी तुले माहे पाय दिसले अन् तू अंगावर धावली. चोट्टी म्हनली मले."

आणि मला ते दिसलं. कुडाखालच्या फटीतून दिसणारे दोन पाय, चिखलानं भरलेले, एका पायावर दुसरा पाय ठेवून उभे. कंपासपेटी नंतरची होती. ती दुसऱ्या दिवशी शाळेत मी तिच्या अंगावर फेकली होती.

"मी कोनाले काई सांगाले उभी नव्हती," ती म्हणाली. "गोठ आयकाले उभी होती." तिचा आवाज चढला नव्हता. "माहा बाबा वीनेले हात न लावता गेला. त्याचं काय करतं तू आता?"

त्याचं काही करता येणार नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. मी जायला वळले. तिनं कागदाची घडी घालून आपल्या मांडीखाली ठेवली आणि पुस्तकांवरून हात फिरवत दुसरा खंड ओढून घेतला.

"बस," ती म्हणाली. "किल्लेदाराची बहीन वाचली का मेली, मले आजवर मालूम नाही."

"पहिल्यापासून वाचू?"

"पयला आयकला हाय मी. हत्तीचा चारा सरला होता, तिथवर आयकलं. तिथून वाच."

ती पुन्हा मेथी निवडायला लागली. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले, बाबांचं पान होतं तिथे दुसरा खंड उघडला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. दोन ओळींतच माझा आवाज फुटला आणि मी थांबले.

तिनं मान वर केली नाही. "नीट वाच," ती म्हणाली.